आप्पांचा तांब्या आणि उष्टं पाणी

चूक दत्तोबांची. दत्तोबा रंगारी, वडगाव. आमच्या आप्पांचे व्याही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आजही वडगावात कुणाला विचारा, म्हातारी माणसं घसा खाकरतात आणि "काय झालतं ते देवाला ठाऊक" म्हणतात. देवाला कशाला मधी घेता? तुम्ही सगळे तिथंच उभे होता की. तुम्ही नाव घेत नाही म्हणून मी घेतलं.

पण तो किस्सा शेवटी. आधी बाकीचे.

नळाच्या कामात किस्से कसे साठतात सांगू? आमच्या टेम्पोत मागं जुने एल्बो, टी, कापलेले पाइपचे तुकडे पडलेले असतात. टाकायचे म्हणून गोळा करतो आणि कधीतरी लागतील म्हणून टाकत नाही. तसंच हे. आता टेम्पोत बसायला जागा उरली नाही, म्हणून थोडे तुमच्याकडं टाकतो.

मी विनायक. इंजिनिअरिंग मधेच सोडलं. का सोडलं ह्यावर घरात भरपूर भाषणं झाली. ती भाषणं ज्यांनी केली, त्यांनीच मला न विचारता ॲडमिशन घेतली होती, हे त्यातल्या एकाही भाषणात आलं नाही. काका, मामा, शेजारचे रिटायर्ड साहेब, सगळे येऊन तोंडाची हौस भागवून गेले. काम मात्र एकानंही दिलं नाही. दिलं ते आप्पांनी. आप्पा प्लंबर, साठी ओलांडलेले, तंबाखू खाणारे, तापट, आणि मोबाइलवर बोलताना पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जाईल असं ओरडणारे. मला म्हणाले, "कॉलेज का सोडलंस त्ये मला सांगू नगंस. पाना धरता येतोय का?" मी म्हणालो नाही. "मग उद्यापास्नं ये."

मी सहसा कुणाचे आभार मानत नाही. ह्या म्हाताऱ्याचे मानतो. हे एकदाच लिहितोय, परत विचारू नका.

तिसरा आमचा कल्लाप्पा, बैलहोंगलकडचा. कानडी माणूस, मराठी झकास बोलतो, फक्त शेवटी 'री' लावतो. मला पहिल्याच आठवड्यात त्यानं नाव ठेवलं, 'नॉन रिटर्न'. "कॉलेजातनं बाहेर पडला, परत गेला न्हाई. नॉन रिटर्न वालच है री ह्यो."

आता काम काय ते सांगतो. आमच्याकडं बऱ्याच भागांत पाणी पाळीनं येतं. पाळी संपून पाणी जायला लागलं की लाइन पोकळ होते, आणि पोकळ लाइन उलटी ओढायला लागते. कुणाचा पाइप बादलीत बुडालेला असेल तर बादलीतलं ओढते, डबक्यात असेल तर डबक्यातलं. पुढच्या पाळीला तेच शेजाऱ्याच्या घागरीत येतं. हे उलटं जाणारं पाणी अडवायचं. कंत्राटदाराकडून आप्पांना ते काम मिळालं होतं. घरोघर जायचं, नळ बघायचे, पाइप वर घ्यायला लावायचा, जिथं लागेल तिथं वाल बसवायचा.

अजून एक गोष्ट ठाऊक असू द्या. आप्पांना एकच मुलगी, रेखाआक्का. दत्तोबांच्या घरात दिलेली, आप्पांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. दोन गल्ल्या असल्या म्हणून काय झालं? सासऱ्यानं धाडल्याशिवाय माहेरी राहायला येता येत नाही. तिला धाडायचे ते नागपंचमीला. आप्पा अंगणातल्या चिंचेला झोका बांधायचे, त्यांच्या घरच्या काकू तंबिटाचे, म्हणजे भाजक्या डाळीच्या पिठाचे, लाडू करायच्या, आणि तिशी गाठलेली रेखाआक्का संध्याकाळभर झोक्यावर. आप्पांचं वर्ष पंचमीला सुरू व्हायचं आणि पंचमीलाच संपायचं. ज्या वर्षाचे हे किस्से आहेत, त्या वर्षी उन्हाळ्यापासूनच त्यांच्या डोक्यात झोका होता.

*

पहिल्याच दिवशी वडगावात एका आज्जींच्या घरात गेलो. मोरीत धुण्याचा टब, टबात साबणाचं काळं पाणी, आणि त्यात नळाचा पाइप तोंड खुपसून बसलेला. मी नवा. म्हटलं आपण समजावून सांगू. "आज्जी, ह्याला बॅक सायफनेज म्हणतात. लाइनमध्ये निगेटिव्ह प्रेशर तयार झालं की..."

आज्जींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चहा घेतोस व्हय रं बाळ? तोंड सुकलंय तुझं."

आप्पा पुढं झाले. "चहा ऱ्हाऊ दे आक्का. पाणी द्या जरा."

आज्जींनी कळशीतनं तांब्या भरून दिला. आप्पांनी तो तोंडाला लावला. वरून न्हाई, चक्क ओठ टेकवून. दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी परत कळशीत ओतायला हात पुढं केला. आज्जी अशा धावल्या की गुडघेदुखी कुठं गेली कळलं नाही.

"अहो! उष्टं है त्ये!"

"थोडंच है की. कळशी केवढी मोठी है."

"थोडं असलं म्हणून काय झालं?"

"मग तुमचा पाइप काय करालाय बघा. धुण्याच्या टबात तोंड घालून बसलाय आणि पाणी जाताना उरलेलं परत लाइनीत ओततोय. सगळी गल्ली तुमच्या धुण्याचं उष्टं पिती."

आज्जींनी पाइप असा ओढला की नळ उपटतोय काय असं वाटलं. भिंतीवर वर खिळा मारून टांगला. आम्ही निघालो तर दारातनं हाक आली. "ओ पावणं, त्यो तांब्या घिऊन जावा. मला आता नको."

तेव्हापासून स्टीलचा तो तांब्या आमच्या हत्यारांच्या पिशवीत. पाइप पाना, हॅकसॉ, टेफ्लॉन टेप आणि तांब्या. आणि आमच्यात शब्दही पडून गेला. कल्लाप्पा कुठल्याही घरातनं बाहेर आला की आप्पा विचारायचे, "काय?" तो म्हणायचा, "उष्टं है री" किंवा "क्लीन है री." आणि मला राग यायचा, कारण मी बोललो ते आणि आप्पा बोलले ते एकच होतं. फक्त मला चहा विचारला.

*

टिळकवाडीतला एक बंगला. मालक बँकेतून रिटायर झालेले काका. त्यांच्या बागेत पाइप खताच्या हौदात जायचा, म्हणून घरात येणाऱ्या लाइनीवर आम्ही नॉन रिटर्न वाल बसवला. म्हणजे पितळेचा वीतभर तुकडा, आत झडप, बाहेर बाण. बाणाच्या दिशेनं पाणी जातं. उलटं यायला लागलं की झडप बसते. एवढंच.

पुढच्या दोन पाळ्या गेल्या आणि ऑफिसात तक्रार आली, तुमच्या लोकांनी आमचं पाणी तोडलं. गेलो. गल्लीत सगळीकडं धो धो पाणी, काकांच्या नळाला थेंब नाही. बघतो तर वाल उलटा! बाण घरातनं रस्त्याकडं.

"कुणी फिरवला हा?"

काका खुर्चीत बसून म्हणाले, त्यांनीच एक माणूस बोलावून फिरवून घेतला. कारण बाण दक्षिणेकडं होता. त्यांच्या वास्तुवाल्याला फोटो पाठवला होता, त्यानं सांगितलं दक्षिणेकडं बाण म्हणजे घरात यमाला आमंत्रण. आणि वर मलाच ऐकवलं, आजकालच्या पोरांना दिशांचं ज्ञान नाही. आयुष्यभर लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्या पायावर पाय दिला.

कल्लाप्पा वाल न्याहाळत म्हणाला, "वाल तर बरोबर हुता री काका. घरच उलटं बसलंय. त्येवढं फिरवून घ्या."

काका लालबुंद. आप्पांनी वाल काढला, सुलटा बसवला, आणि वरून काळी टेप गुंडाळली. "बाण बुजवला काका. आता दिशाच न्हाई."

"हं," काका म्हणाले, "असं आधी करायला काय झालं होतं?"

पाणी आलं. काकांनी वास्तुवाल्याला फोन करून त्याचे आभार मानले.

*

त्याच टिळकवाडीत, दोन गल्ल्या सोडून, एका दुमजली घराच्या वरच्या भाडेकरूंची तक्रार होती की पाळी असूनही पाणी चढत नाही. असं असलं की समजायचं, खाली कुणीतरी लाइनीला डायरेक्ट मोटर लावलीय. अशी मोटर म्हणजे सगळ्यात वाईट. ती गल्लीभरचं पाणी ओढतेच, पण पाणी नसताना चालू राहिली तर गटारातनं, फुटक्या जोडातनं, मिळेल तिथनं ओढते.

टेम्पो थांबला आणि मी खाली उतरलो नाही. घर आमचं होतं.

आप्पांना ठाऊक होतं. म्हणाले, "तू बस. मी आणि कल्लू बघतो." मी थोडा वेळ बसलो. मग वाटलं, रोज सकाळी पेपर वाचताना शिस्तीवर बोलणाऱ्या माणसाची मोटर बघायचा मान दुसऱ्याला का द्यावा? गेलो आत.

मोटर वॉशिंग मशीनच्या जुन्या कव्हराखाली होती. वर जुन्या चादरींचा वगैरे भलामोठा ढीग. वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "घरचं माणूस आहे, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं. म्हणून मी आलो. बाहेरच्यांकडं कल्लाप्पा जातो."

वडील मग आप्पांकडं वळले. ह्याला आम्ही इंजिनिअर करणार होतो, वाया गेला, असं बरंच. आप्पा मोटरीचा युनियन, म्हणजे पाइपचा जोड, सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "वाया पाणी जातं साहेब. पोरगं माझ्याकडं है."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला डबा दिला तो तीन माणसांचा होता. तेव्हापासून रोज तीन माणसांचा.

टेम्पोत आप्पा मला म्हणाले, बापाला असं बोलू नये. दोन चौक गेल्यावर म्हणाले, "बोललास त्ये बरोबर हुतं. पण बोलू नये." कल्लाप्पानं पुढच्या चौकात विचारलं, "मग काय करायचं री आप्पा? बरोबर असलं तर?" आप्पांनी टेम्पो कडेला घेतला आणि तंबाखू मळायला लागले.

*

पाऊस सुरू झाल्यावर कंत्राटदारानं आम्हाला जांबोटीकडं पाठवलं. तिथं पाऊस म्हणजे काय ते जे गेलेत त्यांना सांगायला नको. सगळीकडं पाणीच पाणी, आणि नळाला मात्र वास. टेम्पो चिखलात अडकला, बस केव्हा येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसावं, म्हणून रस्त्याचा शेवटचा तुकडा पायीच तुडवला.

वाडी उतारावर. वरच्या अंगाला चार घरं, खालच्या अंगाला चार. वर एका घरात म्हशींच्या दगडी डोणीत पाइप सोडलेला, कायमचा. तिकडं लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की लाइनीतलं पाणी उताराला पळतं आणि पळताना डोणीतलं ओढून नेतं. त्यात कडब्याची कुसं, म्हशींची लाळ, सगळं आलं.

वरच्या बाईंना सांगितलं. समजूतदार निघाल्या. पाइप आखडून डोणीच्या वर बांधून टाकला. म्हणाल्या, म्हशीला काय कळणार आहे.

परत येताना खालच्या अंगाला एका म्हाताऱ्यांकडं पावसातनं टेकलो. त्यांना आप्पांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, आजोबा, आता नळाला चोख पाणी येणार, वर म्हशीच्या डोणीतलं येत होतं ते बंद केलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. चुलीवरच्या चहाकडं बघितलं. आणि खरोखरच्या दुःखानं म्हणाले, "म्हंजे आता चहात दूध येगळं घालाय लागणार."

कल्लाप्पा हसून हसून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

तिथनं आप्पांनी रानातल्या मधाची बाटली घेतली. रेखाआक्काला आवडतो म्हणून. टेम्पो चिखलातनं निघाल्यावर ती बाटली त्यांनी येताना मांडीवर धरली. गिअर बदलायचा तर मला सांगायचे.

*

निपाणीचा किस्सा हसायचा नाही.

तिथलं एक जैन घर, तंबाखूचा व्यापार आणि उसाची शेती. मालक अण्णासाहेब, पन्नाशीचे, गावात वजन. घरात त्यांच्या आई. सगळे त्यांना आव्वा म्हणत. आव्वांच्या घरात नळाचं पाणी दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. गाळून फडक्यावर जे राहतं तेही त्या फेकत नाहीत, जपून बाजूला पाण्यात सोडतात, जीव जाऊ नये म्हणून. मी असल्या गोष्टींवर सहसा हसतो. तिथं हसू आलं नाही. इतक्या मनापासनं करत होत्या.

आणि त्याच घराच्या मागच्या अंगणात निळा ड्रम. उसावर फवारायचं औषध त्यात कालवायचे, आणि पाणी भरायला सरकारी नळाचा पाइप थेट ड्रमात, तळापर्यंत.

आप्पांनी पिशवीतनं तांब्या काढलाच नाही. हे घर वेगळं आहे हे त्यांना दारातच कळलं होतं. अण्णासाहेबांना सांगून बघितलं. अण्णासाहेब म्हणाले, अहो औषध ड्रमात आहे, ते बाहेर कसं जाईल? तुम्ही लोक उगीच काहीतरी काढता. आणि खिशाकडं हात नेला. मग आप्पा सरळ आत गेले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून आव्वांना सगळं सांगितलं. पाणी जाताना लाइन उलटी ओढते, पाइपाचं तोंड ज्यात असेल ते ओढते, पुढच्या पाळीला ते शेजारच्या घरात. मी मधे एक शब्द बोललो नाही. शिकलो होतो तोवर.

आव्वा उठल्या. भिंतीचा आधार घेत मागच्या अंगणात आल्या. ड्रम बघितला, पाइप बघितला. मुलाला म्हणाल्या, "विळा आण."

अण्णासाहेब "आव्वा, अगं" म्हणायला लागले.

"विळा आण म्हटलं की."

विळा आला. त्यांनी पाइप ड्रमातनं काढला, ड्रमाच्या काठावर हात आडवा ठेवला, चार बोटं मोजली आणि तिथं पाइप कापला. एका दमात. आता तो पाइप ड्रमात बुडूच शकत नव्हता. मग मुलाकडं न बघता म्हणाल्या, "आपण मुंगी मरंल म्हणून पाणी गाळतोय. आणि तू गल्लीला औषध पाजतोस व्हय रं?"

पन्नाशीचा माणूस, गावात वजन असलेला, ओल्या जमिनीकडं बघत उभा होता. मला त्याची कीव आली नाही. आज लिहितानाही येत नाही.

आव्वांनी आम्हाला दिवस मावळायच्या आत जेवायला बसवलं. निघताना आप्पा त्यांच्या पाया पडले. आप्पा कुणाच्या पाया पडलेले मी ते एकदाच बघितलं. त्यानंतर कुठंही पाइप कापायचा झाला की आप्पा ड्रमावर, टाकीवर, टबावर हात आडवा ठेवून म्हणायचे, "आव्वांचं माप." आणि चार बोटं सोडून कापायचे.

त्याच संध्याकाळी निपाणीच्या बाजारात आप्पांनी झोक्यासाठी नवा दोर घेतला. दुकानदाराला दोराला लोंबकळून दाखवायला लावलं. पंचमी जवळ आली होती.

*

आता वडगाव.

आप्पांच्या घराची गल्ली, पलीकडची गल्ली आणि दत्तोबांची गल्ली एकाच लाइनीवर. त्या आठवड्यात दत्तोबांच्या गल्लीत एक गळका जोड मी बदलला होता. मी एकट्यानं केलेला माझा पहिला जोड. आप्पांनी बघितला, हात फिरवला, म्हणाले, "चांगला है." दिवसभर मी त्याच्यावर जगलो.

दोन पाळ्या झाल्या आणि नळाला राणी रंगाचं पाणी आलं. गुलाबी नाही, लाल नाही, साड्यांचा असतो तो राणी. आधी लोकांनी सोडून दिलं, थोडा वेळ गेल्यावर पाणी स्वच्छ यायला लागलं की भरून घेतलं. मग एकाच्या नातवाला उलट्या-जुलाब लागले, दवाखान्यात सलाइन लावायची पाळी आली. आणखी दोन घरांत तेच. सकाळी गल्ली गोळा झाली.

वडगावातली माणसं आहेत ही. मागावर बसून आयुष्य गेलं. सुताचं रिळ लांबून बघून कुणाच्या घरी रंगवलंय ते सांगतील. आणि त्या सकाळी नळातला राणी रंग एकालाही ओळखू येईना! कसा येणार? त्यातल्या निम्म्यांच्या मागाला सूत दत्तोबांकडनं येतं. दत्तोबा देवळाच्या कमिटीत. दत्तोबांचं रंगाचं शेड गल्लीच्या तोंडाशी. सगळे त्या शेडकडं पाठ करून उभे होते.

मग कुणीतरी म्हणालं, त्या पोरानं जोड दिलाय ना इथं? कॉलेज सोडलेलं पोरगं. त्यानं गटाराची लाइन जोडली असणार. झालं. सगळ्यांना सोयीचं. माझी कॉलर एकानं धरली. मला रोज आप्पांबरोबर बघणारा माणूस. मी सांगत होतो की गटाराचं पाणी राणी रंगाचं नसतं. कुणी ऐकत नव्हतं. दवाखान्यातल्या पोराचा आजा माझ्यासमोर उभा होता, आणि मला कळत होतं की आता हा मारणार, आणि मी मारून घेणार.

आप्पा आले. कल्लाप्पा मागं. दत्तोबा गर्दीतनं पुढं झाले आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, पण आवाज मऊ. म्हणाले, "पोरगं परकं है आप्पा. काढून टाका त्याला कामावरनं, विषय मिटला. लोकांची समजूत मी घालतो." मग आणखी मऊ आवाजात म्हणाले, "आणि पंचमी आलीच की. रेखाला कधी धाडू, त्ये बोलायला मीच येणार हुतो तुमच्याकडं."

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग हत्यारांच्या पिशवीत हात घातला आणि तांब्या काढला.

गल्लीतनं चालत ते दत्तोबांच्या दारात गेले. सगळी गर्दी मागं, माझी कॉलर धरलेला माणूस मला ओढत मागं. पाणी जायच्या बेतात होतं. रेखाआक्का पदर सावरत दारात आली. आप्पांनी तांब्या पुढं केला.

"रेखा, पाणी दे गं बाळ. नळाचं."

तिनं तांब्या घेतला. सासऱ्यांकडं बघितलं. मला ठाऊक आहे, तिला ठाऊक होतं. ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. काठोकाठ राणी रंग. गल्लीत कुणाच्याच घरात इतका गडद आला नव्हता.

आप्पांनी तो तांब्या दत्तोबांपुढं धरला. दत्तोबांनी हात पुढं केला नाही.

"पावणं," आप्पा म्हणाले, "गल्ली तुमचं उष्टं पिती."

कल्लाप्पा शेडमध्ये गेला आणि आतनं म्हणाला, "उष्टं है री आप्पा." नळाचा पाइप रंगाच्या टाकीत तळापर्यंत बुडालेला होता. आप्पांनी टाकीच्या काठावर हात आडवा ठेवला, चार बोटं मोजली आणि पाइप कापला. कुणी अडवलं नाही. माझी कॉलर सुटली. ज्यानं धरली होती, त्यानंच ती हातानं सरळ केली आणि निघून गेला. आजपर्यंत त्यानं त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही.

आप्पांनी तांब्या रिकामा केला आणि रेखाआक्काच्या हातात परत दिला.

"घासून ठेव. पंचमीला येताना घिऊन ये."

पंचमीला रेखाआक्काला धाडलं न्हाई. यंदाही न्हाई.